घरापासून दूर राहणाऱ्या सहकाऱ्याशी सूर जुळताना : नाशिकमधील एक अनुभव आणि एक प्रश्न

गिरणाकाठ

नमस्कार. मी मूळचा चाळीसगाव तालुक्यातला. नोकरीनिमित्त गेली अकरा वर्षे नाशिकला राहतो आणि अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या टेबलावर बिहारमधील सिवान जिल्ह्यातला एक सहकारी आला. आज तो माझा जवळचा मित्र आहे. परंतु पहिले सात-आठ महिने आमचे बोलणे गेज, व्हर्निअर आणि नाकारलेल्या मालाची नोंदवही यांच्यापलीकडे गेले नव्हते. ते पुढे कसे सरकले आणि कुठे येऊन अडले, हे मला जरा सविस्तर मांडायचे आहे, कारण त्यातून निघालेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला एकट्याला सापडलेले नाही.

सुरुवात भाषेपासून झाली. जेवणाच्या सुट्टीत सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली आम्ही दोघेही घरी फोन लावत असू, तो पाराच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या. एके दिवशी फोन ठेवल्यावर त्याने विचारले, "भाऊ, तुम्ही आईशी बोलता ते मराठी नाही ना?" तोपर्यंत तो तोडकेमोडके मराठी बोलू लागला होता आणि त्याच्या कानाला हा फरक कळला होता. माझ्याबरोबर कित्येक वर्षे काम केलेल्या कोणाही सहकाऱ्याने हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. ती अहिराणी, आमच्या खानदेशची बोली, असे मी सांगितले. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निघून गेले की हशा पिकत असे, त्यामुळे ती बोली कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेवायला मी शिकलो होतो. त्यावर तो म्हणाला की 'मैं'च्या जागी 'हम' म्हटल्यामुळे आधीच्या नोकरीत सुरतेला त्यालाही असेच हसत. त्याची घरची भाषा भोजपुरी. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. २००३ च्या घटनादुरुस्तीने त्याच्याच राज्यातल्या मैथिलीला तिथे जागा मिळाली, पण भोजपुरी आणि अहिराणी या दोन्ही अजून बाहेरच आहेत, हेही मला त्याच्याकडूनच कळले. त्या दिवसापासून मी फोनवर आवाज खाली करायचे सोडून दिले.

त्याच सुमारास मी आणखी एक गोष्ट सोडली. आमच्या विभागात त्याला सगळे 'भैया' म्हणत, आणि मीही म्हणत असे. त्याच्या बोलीत भैया म्हणजे थोरला भाऊ, हे आपण सगळे जाणतो. तरीही आपल्या तोंडी तो शब्द नात्याचा राहिलेला नाही, माणसाचे नाव माहीत करून घेण्याची गरज उरू नये म्हणून आपण तो वापरतो. तो मला 'भाऊ' म्हणत होता आणि त्यात आदर होता. मी त्याला नावाने हाक मारू लागलो, तेव्हा त्याने काही म्हटले नाही, मात्र दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तो माझ्या टेबलावर बसला.

त्या डब्यात चोखा होता. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत कापसाच्या काड्यांवर मोठी हिरवी वांगी भाजून, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून भरीत करतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. चोख्यात वांगे तसेच भाजलेले, लसूण तसाच, फक्त वरून कच्चे मोहरीचे तेल. पहिल्या घासाला ते तेल नाकात चढले आणि डोळ्यांत पाणी आले, पण त्याखाली भाजलेल्या सालीचा जो धुरकट वास होता तो थेट आमच्या शेतातल्या हिवाळ्याचा होता. पुढच्या आठवड्यात मी वरण-बट्टी नेली. त्याने बट्टी हातात घेतली, फोडली, आत काहीच भरलेले नाही हे पाहिले आणि लिट्टीत सत्तूचे सारण कसे भरतात ते मला बोटांनी करून दाखवले. इतक्या लांबच्या दोन मुलखांत कणकेचा गोळा विस्तवावर भाजण्याची आणि वांगे राखेतून काढण्याची रीत इतकी सारखी कशी, याचे मला आजही नवल वाटते.

छठच्या व्रताच्या वेळी ही जवळीक आणखी वाढली. त्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही. त्याचा थोरला भाऊ आणि भावजय नाशिकला राहायला आले होते आणि भावजयीने इथेच व्रत धरले. पहिल्या दिवशी, ज्याला ते नहाय-खाय म्हणतात, कद्दू-भात लागतो, म्हणून मी आदल्या संध्याकाळी सिडकोतल्या बाजारातून एक चांगले गंगाफळ घेऊन गेलो. भावजयीने ते घेतले, बाजूला ठेवले, आणि तिने आणलेला दुधी मला दाखवला. त्यांच्याकडे कद्दू म्हणजे दुधी भोपळा! लाल भोपळ्याला ते कोंहड़ा म्हणतात. आमच्याकडे मात्र श्रावणात कानबाईच्या रोटांबरोबर गंगाफळाचीच भाजी असते. मी तसे सांगितल्यावर तिने कानबाईविषयी बारकाईने विचारले. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळ सजवून देवी बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात, सोमवारी नदीवर विसर्जन करतात आणि भाऊबंद एकत्र येऊन रोट खातात, असे मी सांगत गेलो. गच्चीवर ठेकुआसाठी, म्हणजे छठच्या प्रसादाच्या गोड तळलेल्या पुऱ्यांसाठी, धुतलेले गहू वाळत होते आणि पाखरांनी दाणा उष्टा करू नये म्हणून पुतणी राखण करीत बसली होती. रोटांच्या गव्हांसाठी माझी आई अंगणात अशीच बसते.

सप्तमीच्या पहाटे मी त्यांच्याबरोबर रामकुंडावर गेलो. दरवर्षी त्या घाटावर छठसाठी एवढी गर्दी होते हे मी बातम्यांत वाचले होते, पण पाहिले नव्हते. गोदावरीच्या थंड पाण्यात उभी राहून ती बाई हातातले बांबूचे सूप पूर्वेकडे धरून होती. सुपाला ते सूपच म्हणतात.

पुढच्या वर्षापासून आम्ही रजा वाटून घेऊ लागलो. आमच्या दोघांपैकी एक जण टेबलावर हजर असावाच लागतो. मला लक्ष्मीपूजन ते भाऊबीज एवढे दिवस गावी हवे असतात. त्याला कार्तिक शुद्ध चतुर्थीपासून सप्तमीपर्यंत. भाऊबीज द्वितीयेला येते, आणि त्याच्या गाडीला दीड दिवस लागतो. म्हणून मी भाऊबिजेला दुपारच्या जेवणानंतर लगेच निघून संध्याकाळपर्यंत नाशिक रोडला उतरतो, आणि त्याच स्थानकावरून तो रात्रीची गाडी धरतो. बहीण नाराज होते, पण तिला मी कारण सांगितले आहे.

आता मूळ प्रश्न. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या पाळीत, साडेचारच्या सुमारास त्याला आई गेल्याचा फोन आला. सिवान इथून सुमारे दीड हजार किलोमीटर. कोणत्याही मार्गाने निघाला असता तरी अंत्यसंस्काराला पोहोचणे शक्य नव्हते. पर्यवेक्षकांनी त्याला लगेच मोकळे केले, परंतु जायला जागा नव्हती. तो त्या कडुनिंबाखाली फोन दोन्ही हातांत धरून बसला आणि त्याने सगळे फोनच्या पडद्यावर पाहिले. मी शेजारी होतो. काही तरी बोलावे म्हणून मी म्हणालो, "मी समजू शकतो, आपण दोघेही घरापासून लांब." त्याने मान वर केली आणि शांतपणे म्हटले, "भाऊ, तुम्ही पोहोचला होता."

त्याआधी दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले तेव्हा मी तीन तासांत घरी होतो. अग्नी मी दिला. तो बोलला त्यात राग नव्हता, पण ते खरे होते, आणि तेव्हापासून 'आपण दोघेही दूर' हे वाक्य मला उच्चारवत नाही. ज्या धाग्याने आम्ही जोडले गेलो तोच धागा माझ्या बाजूने एवढा आखूड आहे, हे कळल्यावर त्याच्या दुःखाशी बोलायचे कसे? आपल्यापैकी कोणाला असा अनुभव आला असल्यास कृपया लिहावे.

पंचवटीकरीण

आपण लिहिलेले मनापासून आवडले. माझा जन्म, शिक्षण, नोकरी आणि लग्न सगळे नाशिकमध्येच झाले, त्यामुळे घरापासून दूर राहणे मला ठाऊकच नाही. माझ्या कार्यालयात यवतमाळची एक मुलगी आहे. घरी जाऊन आली की दोन दिवस ती कोणाशी बोलत नाही, आणि आम्ही तिला एकटे सोडतो. आपला प्रश्न माझ्या बाबतीत आणखी कठीण होतो, कारण माझ्याकडे आखूडसुद्धा धागा नाही. अशा माणसाने काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रेस_वसाहत

मी नाशिक रोडच्या छापखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ च्या सुमारास आणि करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये सुरू झाल्यापासून नाशिक रोडला दूरदूरची माणसे पोटासाठी येत राहिली. पुढे १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर आणि अंबडच्या वसाहती उभ्या राहिल्या. या शहराला परगावच्या माणसाची सवय आहे, असे म्हणता येईल. त्या माणसाला शहराची सवय होते का, हे मात्र प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते.

माझ्याबरोबर तंजावरकडचा एक सहकारी होता. आमच्या विभागात टपालाची तिकिटे आणि आंतरदेशीय पत्रे छापली जात. दिवसभर लाखांच्या हिशेबात निळी पत्रे पाहायची, आणि संध्याकाळी टपाल कार्यालयात रांगेत उभे राहून त्यातलेच एक विकत घेऊन घरी लिहायचे, असा त्याचा नेम होता. मी कोकणातला. मलाही पत्राची वाट असे. आम्ही दोघे एकाच खोलीत राहत होतो आणि रविवारी दुपारी एकमेकांसमोर बसून पत्रे लिहीत होतो. तो तमिळमध्ये, मी मराठीत. लिहून झाले की तो मला विचारी, "काय लिहिले?" आणि मी सांगे. मग मी त्याला विचारी. आमची मैत्री एवढ्यावरच उभी राहिली.

त्याचे वडील गेले तेव्हा तार आली, ती तिसऱ्या दिवशी हातात पडली. त्या रात्री त्याचे सांत्वन करण्याइतके हिंदी आम्हा दोघांनाही येत नव्हते. मी त्याला एवढेच विचारले की वडील काय काम करीत, बोलत कसे, रागावत कधी. तो पहाटेपर्यंत सांगत होता. त्यातले निम्मे तमिळमध्ये होते आणि मला कळत नव्हते, पण मी त्याला थांबवले नाही. गावी असता तर त्याच्या घरी आठ-दहा दिवस माणसे येत राहिली असती आणि प्रत्येकाने त्याच्या वडिलांची एखादी आठवण काढली असती. इथे ते वडील पाहिलेले कोणीच नव्हते. दूर राहणाऱ्या माणसाचे सुतक असे मुके असते. त्याच्या माणसाविषयी विचारणारा एक जण मिळाला तर ते थोडे बोलके होते.

आपण दुःखाची बरोबरी करायला गेलात, म्हणून ते वाक्य अडले, असे माझे मत आहे. बरोबरी करायची गरजच नाही. आपण त्याला त्याच्या आईविषयी विचारले होते का?

उद्योगनगरी

धागा चांगला आहे, तरी एक बाजू सुटली आहे असे वाटते म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नये. आपला सहकारी कंपनीच्या पटावर आहे की ठेकेदाराच्या? अंबड-सातपूरमध्ये बाहेरून आलेल्या कामगारांपैकी पुष्कळ जण ठेकेदाराकडून लागतात आणि त्यांचा पगार हजेरीवर असतो. आपण कायम असाल आणि तो ठेक्यावर असेल, तर रजेच्या अदलाबदलीत आपली रजा भरपगारी ठरते आणि त्याची रजा म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. ही अदलाबदल दिसते सारखी, पण सारखी नसते.

दुसरे, त्याला पुढच्या वर्षी काम मिळावे यासाठी आपला शब्द उपयोगी पडत असेल, तर 'नाही, मला यंदा भाऊबिजेला काम नको' असे तो आपल्याला सांगू शकतो का? मी एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करतो आणि अशा मैत्रीतील न बोललेल्या गोष्टी मी पाहिलेल्या आहेत. समान धागा जरूर शोधावा. तो शोधताना आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत आणि समोरचा कोणत्या, हे आधी पाहावे.

वैनगंगा

मी भंडारा जिल्ह्यातली, नाशिकच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. माझ्याबरोबर खोलीत राहणारी मैत्रीण नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातली आहे. आम्ही दोघी महाराष्ट्रातल्याच, त्यामुळे आम्हाला कोणी परके समजत नाही, असे सगळ्यांना वाटते. तरी खोली शोधताना घरमालकीणबाईंनी माझे आडनाव विचारले आणि तिचे आडनाव, गाव, तालुका, घरी काय शिजते, हे सगळे विचारले. अकरा महिन्यांचा करार माझ्या नावावर झाला. तिचे नाव त्यात घालायला आणखी तीन आठवडे गेले.

ती घरी पावरी बोलते. तिच्या गावात फोनला सगळीकडे नेटवर्क नाही. शेजारच्या टेकडीवर कोणी गेले तर तिथून फोन येतो, आणि तो नेमका ती वॉर्डात असताना येतो. म्हणून आम्ही ठरवून घेतले आहे की तिचा फोन वाजला आणि ती रुग्णाजवळ असेल तर तो मी घ्यायचा, 'थांबा, ती येते' एवढे पावरीत म्हणायचे आणि तिला बोलवायचे. तेवढे वाक्य तिने मला शिकवले आहे. एकदा ते म्हटल्यावर पलीकडून तिची आजी माझ्याशीच बोलत सुटली आणि मी पाच मिनिटे फक्त हुंकार देत राहिले.

रजेचे म्हणाल तर आमची अडचण होळीची आहे. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सण. आधी भोंगऱ्या बाजार, मग गावोगावच्या होळ्या, आणि काठी गावची होळी तर दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. ड्युटी लावणाऱ्यांच्या लेखी होळी म्हणजे एक दिवस, फार तर दुसरी धुळवड. पहिल्या वर्षी तिला दोन दिवस मिळाले. त्यातला एक जाण्यात आणि एक येण्यात गेला. आता मी दिवाळीत तिच्या रात्रपाळ्या घेत नाही, ती माझ्या घेते, आणि होळीला मी सलग सहा रात्री करते. आम्ही दोघी एकाच पगारश्रेणीत आहोत, त्यामुळे उद्योगनगरी यांनी मांडलेली अडचण आम्हाला येत नाही. पण त्यांचा मुद्दा मला पटतो.

पंचवटीकरीण ताई, आपल्या प्रश्नाविषयी एक सुचवते. घरून परतल्यावरचे ते दोन दिवस एकटे सोडण्याचे नसतात. गावाहून आलेल्या मुलीच्या पिशवीत काहीतरी असते. लोणचे, शेवया, सांडगे, निदान वाटेतल्या स्थानकावर घेतलेली संत्री. ते आपल्यापुढे उघडावे असे तिला वाटत असते, पण कोणी विचारत नाही. आपण विचारून पाहा. आपले घर इथेच असणे हे उणे नाही. एखाद्या रविवारी तिला घरी जेवायला बोलावणे आम्हाला जमत नाही, ते आपल्याला जमते.

बागलाणी

गिरणाकाठ दादा, मी सटाण्याकडचा, म्हणजे आपल्याच बोलीचा. सिडकोत खानदेश-बागलाणची माणसे कानबाई बसवतात, विसर्जनाला मिरवणूकही निघते. आपल्या सहकाऱ्याला आणि त्याच्या भावजयीला पुढच्या श्रावणात घेऊन या. रोट भाऊबंदांचे असतात, पण देवीच्या दर्शनाला आणि रात्रीच्या गाण्यांना कोणालाही मज्जाव नसतो.

रजेविषयी एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आले आहे. पूर्वी चार महिने आधी तिकीट काढून मग रजेचे पाहू, असे करता येत असे. आता साठाव्या दिवशी सकाळी तिकीट काढायचे आणि रजा त्याआधी नक्की झालेली असायची, तरच काही उपयोग. छठच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. तात्काळवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. रजेचा अर्ज सप्टेंबरपर्यंत थांबवू नका, असे माझे सांगणे आहे.

गिरणाकाठ

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला आधी त्याच्याकडून घ्यायची होती.

उद्योगनगरी, आपण नेमके बोट ठेवले. पहिली तीन वर्षे तो ठेकेदाराच्या पटावर होता आणि गेल्या तीन वर्षांपासून कंपनीच्या पटावर आहे. म्हणजे ज्या काळात आम्ही रजा वाटून घ्यायला सुरुवात केली, त्या काळात छठला गेलेल्या प्रत्येक दिवसाची त्याची मजुरी बुडत होती, आणि माझी भाऊबीज भरपगारी होती. आईच्या कार्यासाठी तो सोळा दिवस गावी राहिला, तेव्हाही तो ठेक्यावरच होता. ते सोळा दिवस बिनपगारी गेले, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. मी विचारले नव्हते, म्हणून माहीत नव्हते. काल मी त्याला थेट विचारले की भाऊबिजेची पाळी घेताना नाही म्हणावेसे कधी वाटले होते का. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला की पहिल्या वर्षी वाटले होते, कारण खोलीतले बाकीचे तिघे गावी गेले होते आणि दिवाळीच्या रात्री तो एकटा होता. पण मला सांगितले तर छठची रजा जाईल अशी भीती होती. आपण लिहिले नसते तर हे मला कधीच कळले नसते. मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती स्वीकारली असे मला वाटते.

प्रेस_वसाहत काका, आपल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. सहा वर्षांत मी त्याच्या आईच्या हातच्या ठेकुआची चव घेतली, फोनवर तिचा आवाज ऐकला, तिच्या दिवसकार्याची तारीख मला पाठ आहे, पण ती कशी होती हे मी त्याला कधी विचारले नव्हते. परवा जेवणाच्या सुट्टीत विचारले. आधी तो "चांगली होती" एवढेच म्हणाला. मग म्हणाला की ठेकुआवर नक्षी उमटवायचा लाकडी साचा तिने माहेरून आणला होता, त्याची एक कड तुटलेली होती, त्यामुळे त्यांच्या घरच्या प्रत्येक ठेकुआच्या एका पाकळीला कोपरा नसे आणि घाटावर सगळ्यांच्या प्रसादातून आपला ठेकुआ लहान मुलांनाही ओळखू येई. ती नदीवर जाताना गात असे, पण तिचा आवाज बसका होता आणि जावा तिला मागे चालायला सांगत. हे सांगताना तो हसला. मग जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि आम्ही आत गेलो. पाळी सुटल्यावर सायकल स्टँडवर तो आपणहून थांबला होता आणि पुढचे सांगू लागला. आम्ही फाटकापासून लिंक रोडपर्यंत सायकली हातात धरून चालत गेलो.

पंचवटीकरीण

वैनगंगा ताई, आज सकाळी मी विचारले. तिच्या पिशवीत आईने दिलेले भिवापुरी मिरचीचे तिखट होते आणि ते कोणाला द्यावे हे तिला कळत नव्हते. रविवारी ती आमच्याकडे येणार आहे. भाजी तीच करणार म्हणते.

उद्योगनगरी

गिरणाकाठ, आपण त्याला विचारलेत, हे वाचून बरे वाटले. एक सूचना. रजेची वाटणी तुम्हा दोघांत तोंडी राहू देऊ नका. ती विभागाच्या वार्षिक रजा-नियोजनात दोघांच्या सहीने लेखी घाला. तोंडी व्यवस्था ही ज्याची बाजू भक्कम असते त्याच्या सोयीने बदलते, आणि पर्यवेक्षक बदलले की ती कोणालाच माहीत नसते. बागलाणी यांनी सांगितलेली साठ दिवसांची मुदत अर्जात कारण म्हणून नोंदवा. प्रवासाचे अंतर हे रजा आधी मंजूर करण्याचे रास्त कारण आहे.

गिरणाकाठ

अर्ज काल दोघांनी मिळून लिहिला. यंदा लक्ष्मीपूजन आणि पाडवा या दोन दिवशी मी टेबलावर थांबणार आहे, आणि तो लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीच गावी निघणार आहे, म्हणजे दिवाळी आणि छठ दोन्ही त्याला घरी मिळतील. आम्हा दोघांच्या पाळ्या सांभाळण्यासाठी तिसऱ्या पाळीतल्या एका सहकाऱ्याला भाऊबिजेपुरती तयारी आहे का, असे विचारले, तर तो सिन्नरचा निघाला आणि म्हणाला की त्याची बहीण इथेच पाथर्डी फाट्याला राहते, ओवाळणी संध्याकाळी करता येईल. त्यामुळे माझीही भाऊबीज राहिली. अर्जावर तिघांच्या सह्या आहेत. मंजुरी आल्यावर इथेच कळवीन.

बागलाणी दादा, श्रावणातल्या त्या रविवारची वेळ आणि ठिकाण कृपया मला व्यक्तिगत निरोपात कळवा. भावजय येणार आहे. रात्रीच्या गाण्यांना बसता येईल का, असे तिने विचारले आहे, आणि तिला कानबाईची गाणी लिहून हवी आहेत.